डोहाची राखण

झारेकऱ्यांना भोयांच्या डोहावर मीच बसवलं. आणि डोहाच्या राखणीला मीच होतो.

नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. कयाधू नदी आटली की आमच्या मळ्याखाली तो एकच डोह उरायचा. शिमग्यापासून भोई त्यात जाळं टाकत नसत. मासे वाढू द्यायचे आणि वैशाखातली आखाजी झाली की सगळ्या घरांनी मिळून एकाच दिवशी ओढायचं, अशी त्यांची रीत. पाऊस पडेस्तोवर त्यांच्या चुली त्यावरच चालत. माझा मळा काठाला, म्हणून भोयांच्या म्हातारीनं मला सांगून ठेवलं होतं, "ध्यान ठेव बाबा. कोनाला मासे धरू देऊ नको."

मी अशी कडक राखण केली की सख्ख्या मेव्हण्याचा गळ मोडून हातात दिला.

मग दोन झारेकरी आले. सराफ्यातली झाडलोट आणि गटारातला गाळ पोत्यांत भरून आणायचा, धुवायचा आणि त्यातून सोन्याची कणी काढायची, हा त्यांचा धंदा. पाणी शोधत फिरत होते. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "मासे धरनार का?"

"न्हाई मालक, आमी माळकरी."

"मग धुवा खुशाल!"

वर चहाही पाजला. तीन दिवस ते परातीत गाळ घोळत होते, त्यात पारा चोळत होते. शेवटी तेजाब ओतलं तेव्हा पिवळा धूर निघाला आणि मी जत्रेतला जादूगार बघावा तसा बघत बसलो. उरलेल्या तेजाबाचं मडकं उचलून एकानं विचारलं, "हे कुठं सांडू, मालक? इथं मळ्यात?"

"येडा झाला का? वांगे जळतील माझे. डोहात सांड."

वांगी जळतील एवढी अक्कल मला होती, हे लिहिताना अजून मान खाली जाते.

सकाळी डोह पांढरा दिसत होता. वाम, मरळ, बोटाएवढी पिल्लं, सगळ्यांची पोटं वर. म्हातारी सुनांना घेऊन आली. मी आधीच बोलून मोकळा झालो, "ऊन लई तापून राहिलं ना, मावशी."

तिनं ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. काठावरचे पिवळे पडलेले दगड पाहिले.

"कोन आल्तं?"

"झारेकरी. पन एक मासा धरला न्हाई त्यायनं, आईची शपथ!"

सुना मेलेले मासे पाट्यांत भरू लागल्या. धाकटी हळूच म्हणाली, "बाजारात नेऊ का, आत्या?"

"न्हाई. लोकायचे लेकरं खातेत. पुरा. अन् उद्यापासून वीटभट्टीवर चला."

मी खड्डा खणायला कुदळ उचलली. म्हातारीनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुझ्या जागी कुत्रं बांधलं असतं," ती म्हणाली, "तर भुकलं तरी असतं."