बेटावरून आलेले झबले

लांबच्या सागरप्रवासाच्या अखेरीस, परतीचे बंदर दृष्टिपथात येण्यापूर्वी, ते जहाज एका लहानशा बेटासमोर नांगर टाकीत असे. प्रवाशांच्या हाती पडणाऱ्या रंगीत पत्रिकेत त्या दिवसापुढे ‘संपूर्ण विश्रांती’ एवढेच छापलेले असे, आणि त्यात असत्य काहीच नव्हते. उथळ निळे पाणी, मऊ वाळू, छत्र्यांखाली मांडलेल्या आरामखुर्च्या. बंदरामागून बंदर पाहून शिणलेले डोळे तिथे आपोआप मिटत. परंतु विश्रांती ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ती एकाच्या वाट्याला आली की तिचा भार कुठेतरी दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसतो. जहाजाच्या तळाशी, पाण्याच्या पातळीच्याही खाली, एक धुलाईखाना होता. तिथे याच दिवसाला ‘डोंगराचा दिवस’ म्हणत. कारण संध्याकाळपर्यंत ओल्या टॉवेलांचा डोंगर उभा राही, आणि त्याच रात्री निरोपाची मेजवानी असल्यामुळे प्रत्येक उतारूला आपला सदरा परीटघडीचा हवा असे.

तिथे इस्त्रीच्या मेजामागे जे गृहस्थ उभे असत त्यांना सारे कडकनाना म्हणत. हे नाव त्यांच्या हातून निघणाऱ्या कॉलरींवरून पडले होते. स्वभावाने नाना इतके मऊ की यंत्रावर रागवायचे झाले तरी आधी आजूबाजूला पाहून घेत. खोलीला खिडकी नव्हती. जहाज कोणत्या मुलुखात आहे हे नानांना कपड्यांवरून उमगे. लोकरीचे अंगरखे येऊ लागले की थंडी आली. विजारींचे गुडघे धुळीने माखले की मंडळी कुठले तरी पुरातन अवशेष चढून-उतरून आली. आणि हे बेट म्हणजे यंत्राच्या जाळीत साचणारी पांढरी वाळू. कित्येक सफरी झाल्या, नानांना ते तेवढेच ठाऊक होते.

त्याच बेटावर आता त्यांची लेक नांदत होती. पूर्वी ती याच जहाजावर टॉवेल वाटण्याचे काम करी. बेटावरच्या एका तरुणाशी तिचे सूत जुळले, लग्न झाले, आणि ती किनाऱ्यावर तेच काम करू लागली. तिला मुलगी झाली होती. मोबाइलच्या पडद्यावर नानांनी नातीला पाहिले होते; हसताना, रडताना, जांभई देताना. पण पडद्यावरच्या बाळाला वजन नसते, आणि वास तर नसतोच.

प्रत्येक बंदरात काही कर्मचाऱ्यांनी जहाजावर थांबलेच पाहिजे, असा नियम होता. नानांनी या सफरीत साऱ्यांच्या पाळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या, आणि त्या बदल्यात हा एक दिवस मागून घेतला होता. सफर संपताच जहाज दुरुस्तीला जाणार होते. त्यानंतर त्याचा मार्ग या बेटावरून जाईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

त्या सकाळी नाना स्वतःच्या सदऱ्यावर इस्त्री फिरवीत होते. शेजारी टॉवेलांच्या घड्या घालणारा त्यांचा जुना सोबती होता; त्याला सारे घडीवाला म्हणत. त्याला राहवले नाही.

“नाना, स्वतःच्या सदऱ्याला इस्त्री? आज सूर्य कुठून उगवला?”

“तू कधी पाहिलास रे सूर्य, ते विचारायला?”

“नात ओळखेल का पण तुम्हाला?”

“ओळखेल, नाहीतर रडेल. मला दोन्ही चालेल.”

“रडणारच! एवढी कडक कॉलर बघून मोठी माणसं दचकतात.”

इतक्यात धुलाईखान्याचा मुकादम दारात येऊन उभा राहिला. तो बराच वेळ नानांच्या हाताकडेच पाहत होता.

“नाना, तो सदरा टांगून ठेवा.”

“का हो?”

“वारा सुटलाय. बेटवाल्यांच्या होड्या अर्ध्याच चालणारेत आज. जागा सगळ्या उतारूंना. आपल्यापैकी कोणी उतरायचं नाही, कप्तानाचा हुकूम आहे.”

“मी कडेला उभा राहून जाईन. दहा जणांत एक म्हातारा काय जड होतो?”

“मी काय तुमच्या वाईटावर आहे का, नाना? चार ठिकाणी नाक घासून आलोय.”

नानांनी सदरा खुंटीला लावला, गळ्याभोवती रोजचा घाम टिपायचा रुमाल गुंडाळला, आणि उतारूंच्या ढिगातला पहिला सदरा उचलला. त्या पोलादी पोटात मोबाइलला रेंज मिळत नसे. लेक तान्हुलीला कडेवर घेऊन धक्क्यावर उभी असेल. आपल्याला हुकूम झाल्याचे तिला कोण सांगणार? चौफेर समुद्र, समोर बेट, आणि मधल्या भिंतीला साधे भोकही नाही. नाना मान वर न करता काम करीत राहिले.

दुपारी किनाऱ्यावरून वापरलेल्या टॉवेलांची पोती येऊ लागली. एका पोत्याच्या तोंडाची गाठ पाहून नाना थबकले. टोक ओढताच सुटणारी ही गाठ त्यांनीच लेकीला शिकवली होती. आत सगळ्यांत वर एका कोरड्या टॉवेलात गुंडाळलेले पिवळे झबले होते. तळहातावर मावेल एवढे. छातीशी दुधाचा डाग.

नानांनी ते उलगडून उजेडात धरले. मग ते हसले.

“बघ रे,” ते घडीवाल्याला म्हणाले, “पोरीनं धुवायला पाठवलंय. म्हणाली असेल, आजोबा भेटत नाहीत तर निदान बाळाचे कपडे तरी धुवू देत.”

आयुष्यभर ज्या हातांनी परक्यांचे डाग काढले, त्या हातांना आज प्रथमच घरचा डाग लाभला होता. देवघरातल्या मूर्तीला न्हाऊ घालावे तशा निगुतीने त्यांनी ते झबले धुतले. यंत्रात घातले नाही. कोमट पाण्यात, साबणाचा फेस हातावर विरवून, बोटाच्या पेराने डाग हलकेच चोळला. उन्हाची आशा नव्हती म्हणून गरम हवेच्या झोतापुढे दोन्ही हातांत धरून वाळवले. मग इस्त्रीचे टोक झालरीच्या एकेका चुणीत शिरले. घडीवाला स्वतःचे काम टाकून पाहत राहिला. त्याच्या टॉवेलांचा डोंगर कलंडला तरी मुकादमानेही आवाज चढवला नाही.

शेवटची होडी परतण्यापूर्वी मुकादमाने नानांना वर सोडले. होड्या लागतात ते दार पाण्यालगत, जहाजाच्या कुशीत उघडे. दिवसभरात नानांच्या अंगाला प्रथमच वारा लागला. धक्का दूरवर एका पांढऱ्या रेघेसारखा दिसत होता. त्यावरचे ठिपके माणसांचे की खांबांचे, ते कळत नव्हते.

“हे माझ्या लेकीला दे,” नानांनी पातळ कागदात गुंडाळलेले झबले, दुपारी पोती घेऊन आलेल्या होडीवाल्यापुढे धरले.

होडीवाल्याने कागद उलगडून पाहिला, आणि कपाळावर हात मारला.

“अहो, धुतलंत तुम्ही?”

“मग? डाग होता ना.”

“ताईंनी दहादा बजावलं होतं, बाबांना सांग, धुऊ नका म्हणून. बाळाच्या अंगातलं तसंच काढून दिलं त्यांनी. म्हणाल्या, बाबांना निदान वास तरी घेऊ दे. उतारूंच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं माझ्याकडून.”

नानांनी झबले परत घेतले. नाकाशी नेले. साबण होता, आणि तापलेल्या लोखंडाचा, जन्मभर सोबत केलेला वास होता. त्याखाली काही उरले आहे का, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा श्वास ओढला.

“चला, आटपा! दार लावायचंय!” आतून कोणीतरी ओरडले.

नानांनी झबले खिशात ठेवले. मग गळ्याभोवतीचा रुमाल सोडला आणि होडीवाल्याच्या हाती दिला.

“हा नेऊन दे. नातीच्या उशाशी ठेव म्हणावं.”

“हा? नाना, घामानं चिंब झालाय हा.”

“म्हणून तर. आणि आता तरी विसरू नकोस. सांग तिला, धुवायचा नाही.”

“बघा, कोण कोणाला सांगतंय!” होडीवाला हसायला गेला, पण त्याने तो रुमाल दोन्ही हातांनी घेतला आणि पाणी उडू नये म्हणून आपल्या सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवला.

दार बंद झाले. नाना जिना उतरून पुन्हा मेजापाशी आले. मेजवानीचे सदरे वाट पाहत होते. थोड्याच वेळात पायाखालची जमीन थरथरली. नांगर उचलला होता. घडीवाल्याने पुढचा टॉवेल उचलला. नानांनी इस्त्री टेकवली. गळ्याशी रुमाल नव्हता, त्यामुळे घामाचा थेंब सरळ कुण्या उतारूच्या शुभ्र कॉलरवर पडला. नानांनी तो सदरा पुन्हा धुवायच्या ढिगात टाकला, आणि दुसरा घेतला.