कठड्याबाहेरचा कोच

मी कतारच्या दोहा शहरातल्या एका कॉलेजच्या आइस हॉकी संघाचा कोच आहे, यशस्वी म्हणतात तसला. पहिली तीन वर्षं मी बर्फावर पाऊलही ठेवलं नाही, कारण मला स्केटिंग येत नाही. हे फक्त बायकोला माहीत होतं, आणि तिनं ते कुठे बोलू नये म्हणून मी रोज भांडी घासत होतो.

मी खरं तर क्रीडा विभागात ऑफिसचं काम बघायचो. आधीचे कॅनेडियन कोच हंगामाच्या मध्येच परत गेले. साहेबांनी विचारलं, तुम्ही खेळाडू होता ना? मी कराडला कबड्डी खेळायचो. कोणता खेळ हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दहा मिनिटं सामना बघितला आणि जीव भांड्यात पडला. ती काळी चकती नुसता बहाणा आहे. खरा खेळ म्हणजे आत घुसलेल्या गड्याला कोपऱ्यात कोंडणं. मी पोरांना कोपरे शिकवले, साखळी शिकवली. पहिल्याच सामन्यात आमच्या दोघांनी एका प्रतिस्पर्ध्याचा घोटा धरून त्याला मनोभावे आडवा केला आणि दोघंही शिक्षा म्हणून बाहेर बसले. इथे पकडायचं नसतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. पकड सोडून बाकीची कबड्डी मात्र चालली. आम्ही जिंकायला लागलो.

सराव मी कठड्याबाहेरून घ्यायचो. "बाहेरून खेळ जास्त दिसतो," असं गंभीरपणे म्हणायचो. कोणी फारच आग्रह केला तर गुडघा चोळायचो. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरातून भर उन्हाळ्यात निघालो की बायको दारातून विचारायची, "अहो, कानटोपी घेतलीत का?" शेजारी चमकून बघायचे.

अडचण एकच होती. अंतिम सामना जिंकणाऱ्या कोचनं चषक घेऊन रिंकला एक फेरी मारायची, अशी इथली रीत. दोन वर्षं आम्ही अंतिम सामना हरलो आणि मी, सांगायला लाज वाटते, मनातून सुटलो. तिसऱ्या वर्षी संघ असा तयार झाला की हरणं अवघड दिसायला लागलं.

आदल्या दिवशी मी कप्तानाला गाठलं. कतरी मुलगा, कॉलेजचं शेवटचं वर्ष. म्हटलं, "जिंकलो तर फेरी तू मार. मला स्केटिंग येत नाही."

तो बुटांची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "माहीत आहे, कोच. पहिल्या आठवड्यापासून."

"मग तुम्ही कोणी बोलला का नाहीत?"

"आधीचे कोच इतकं सुंदर स्केटिंग करायचे की आम्ही बघतच राहायचो. तुम्ही आम्हालाच विचारता, इथून वळता येईल का, तिथे थांबता येईल का. मग आम्हाला डोकं चालवावं लागतं. फेरी तुम्हीच मारायची. खलास."

मला आधी रागच आला. तीन वर्षं गुडघा उगाच चोळला, आणि भांडीही उगाच घासली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो. पोरांनी माझ्या पायात स्केट चढवले, हातात चषक दिला. चार पावलं गेलो असेन. मग पाय पुढे गेले, मी मागे राहिलो, आणि चषक मांडीवर घेऊन बर्फावर बसलो. बसलो हा आपला सभ्य शब्द. दिवस पोरांचा आणि त्याचं हसं माझ्यामुळे, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कप्तान आला. वाटलं, आता उचलेल. तो शेजारी बसला. मग गोलकीपर ती गाद्यांएवढी पॅडं सावरत बसला. मग अख्खा संघ पाय पसरून माझ्याभोवती बसला. कप्तानानं फोटोवाल्याला हात केला, "यल्ला, काढ आता."

तो फोटो कॉलेजच्या जिन्यापाशी लावलाय. त्यात मी ठरवून बसल्यासारखा दिसतो. इतकी वर्षं मी ज्यांना बनवत होतो तीच पोरं मला सांभाळत होती, हे आठवलं की अजून भरून येतं.

पुढच्या वर्षी आम्ही हरलो. जिंकलेल्या संघानंही फोटोसाठी बर्फावर बसकण मारली, मधोमध त्यांचे कोच. त्यांना स्केटिंग उत्तम येतं.