फणसाला जामीन

शाळाखात्यातल्या वरिष्ठांनी बढतीचे माझे पाच अर्ज दाबून ठेवले, आणि आंबवड्यातील आमच्या बागेत तर माझ्या शिक्षणाला काडीची किंमत नव्हती.

आजोबा सोनबांनी ओढ्याकाठी दोन आंबे लावले. पुढे रीतच पडली, की घरात येणाऱ्या सुनेने माहेरचे एक रोप आणावे. आजीचा आवळा आणि आईचे लिंबू दोन्ही लगडत. थोरल्या वहिनीने, भामाबाईने, हिर्डोशीहून फणसाचे रोप डोक्यावरून आणले होते. अठरा वर्षे झाली, तरी एक फणस लागला नाही. वहिनीला मूलबाळही नव्हते. बायका झाडाकडे पाहून जे बोलत, ते झाडाला उद्देशून नसे.

१९७२च्या पाडव्याला तिचा नवरा, माझा थोरला भाऊ सर्जेराव, कुऱ्हाड घेऊन फणसापुढे उभा राहिला. न फळणाऱ्या झाडाला असा धाक घालायचा आणि कुणीतरी वर्षभराचा जामीन राहायचे, ही आमच्या घरची दुसरी रीत. पण पाणी आटत चालले होते आणि दादाला त्या जागी खरोखरच विहीर खणायची होती.

"फळत न्हाई, तोडतो! हाय का कुणी जामीन?"

जिचे झाड, तिला जामीन राहता येत नसे. वहिनी पदर दातांत धरून उभी होती.

"मी आहे," मी म्हणालो. या खुळचटपणाविरुद्ध मी शाळेत वीस वर्षे बोलत आलो होतो.

दादा हसला. "मास्तर, तुमच्या बुकात लिवलंय का ह्ये?"

"पुढच्या पाडव्यापर्यंत हात लावायचा नाही."

त्या दुष्काळात वहिनीने भांडी धुतलेले पाणी झाडालाच घातले. सुट्टीत येई तेव्हा मी खोड आणि फांद्या निरखत असे. काही नाही. पाडवा आला, कुऱ्हाडीला धार लागली. वहिनी शेवटचे म्हणून बुंध्याचा पाचोळा झाडायला बसली आणि ओरडली,

"भावजी, हितं जमीन उकललीया!"

मी बोटांनी माती उकरली. काटे लागले. मुळावर, मातीखाली, कळशीएवढा फणस! वर्षभर आम्ही सगळे वर पाहत होतो.

दादाने कुऱ्हाड खाली टेकवली. "सुटलात, मास्तर. हीर आवळ्याच्या पल्याड खणू."

"सुटले कसले?" वहिनी डोळे पुसत म्हणाली. "हाताला तेल लावून फणस त्यांनीच फोडायचा."

जूनमध्ये मी फोडला. निघाला बरका, बिळबिळीत. मला घट्ट गऱ्यांचा कापा आवडतो. पण तक्रार केली नाही.