आरशात सरळ

"थांबा मिस्त्री. कमळ उलटं कापायचं न्हाई."

एवढं बोलून न्हावऱ्याच्या आबांनी आपला तळहात थेट पात्याखाली ठेवला. मी बटणावरचं बोट उचललं, प्लग काढला आणि मग नमस्कार केला. क्रम महत्त्वाचा असतो.

मशीन होतं स्लायडिंग मायटर सॉ. तेव्हा आमच्या दौंड-शिरूर भागात ते नवं होतं. गोल पात्याची करवत. हव्या त्या कोनात फिरते आणि दांड्यांवर पुढेमागे सरकते. पातं अंगाकडे ओढायचं, खाली दाबायचं, पुढे ढकलत कापायचं. उलट केलं तर ते लाकडावर चढून आपल्याच अंगावर येतं.

आबांच्या नव्या देवघरात, भिंत आणि छत मिळतात तिथे, सागवानी मोल्डिंग, म्हणजे नक्षीची पट्टी, बसवायचं होतं. त्यावर ओळीनं कोरलेली कमळं. ती कोरणाऱ्या दौंडच्या म्हाताऱ्या कारागिराची नजर आता गेली होती. तशी पट्टी पुन्हा मिळणार नव्हती. एक काप चुकला की संपलं.

असं तिरकं बसणारं मोल्डिंग कापताना उलटं धरतात. मशीनचं टेबल म्हणजे छत. मागची उभी पट्टी, तिला फेन्स म्हणतात, ती भिंत. दोन्हीकडून टेका मिळतो, मोल्डिंग हलत नाही. हे मी आबांना हातवारे करून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी माझ्या देवाच्या डोक्यावरचं छत तुम्ही खाली आणलं."

"कापण्यापुरतं, आबा."

"खाली तोंड केलेल्या कमळावर लक्ष्मी कशी बसायची? सरळ धरा."

मी साध्या मोल्डिंगचे दोन टाकाऊ तुकडे सरळ धरून कापले. टेकायला धड जागाच नाही. पातं लागताच तुकडा डोलायचा. कोपऱ्यात जुळवले, तर फटीतून पेन्सिल आरपार गेली.

"बघितलं," आबा म्हणाले. "पर कमळ उलटं न्हाई."

दारातून त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "मग देवाला सांगा, फटीतनं वारं लागलं तर सोसून घे म्हणावं."

"काकू, दाढीचा आरसा आहे का घरात?"

"ह्यांची दाढी त्या मशीनवर करताय व्हय?"

आरसा आला. मशीनपासून जरा लांब, स्टुलावर काच वर करून मी तो आडवा ठेवला. आबांना स्टुलाच्या पलीकडे उभं केलं, हात पाठीमागे बांधायला लावले. मग मोल्डिंग उलटं धरलं. आरशात सगळी कमळं वर तोंड करून उभी.

"आबा, आता फक्त आरशात बघायचं. कमळ कसं आहे?"

आबांनी बराच वेळ निरखलं. "सरळ हाय. कापा."

मी पात्याला पूर्ण वेग घेऊ दिला, सावकाश कापलं, आणि पातं थांबेपर्यंत वर उचललं नाही. फिरतं पातं उचललं की कोरलेली पाकळी उडते. एकही उडाली नाही. कोपरा बसवल्यावर काकूंनी जोडावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही.

पुढे आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "एकबी कमळ उलटं कापलेलं न्हाई. म्या सोत्ता समोर हुतो." त्यांनी आरशात पाहिलं त्यात खोटं काहीच नव्हतं. मग मांडवगणच्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आला, येताना आरसा घेऊन या.

तेव्हापासून माझ्या हत्यारांच्या पेटीत एक आरसा असतो. मशीनला तो लागत नाही.