खोकल्याची मनधरणी

लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात एक बाई होत्या. शिकल्या होत्या फिजिओथेरपी, पण पोरांच्या जिभेला तो शब्द काही वळेना, म्हणून नाव पडलं बुडबुडेबाई. पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि नळ्या. नळीतून फुंकायचं, बाटलीत बुडबुडे काढायचे. पोराला वाटतं खेळ चाललाय, अन् आत फुप्फुस फुलत असतं. एकोणीस वर्षं हेच काम. घरीसुद्धा चैन नाही. नवरा पाठीला बाक काढून पेपर वाचायला बसला की ह्या म्हणणार, "छाती उघडी ठेवून बसा."

"अगं, माझं ऑपरेशन नाही झालेलं."

"मग तर सबबच नाही."

तर अशा ह्या बाईंना तीन नंबरच्या खाटेवरची सहा वर्षांची पोर भेटली. जन्मापासून हृदयात भोक, वर फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. ऑपरेशन झकास झालं. पण पोर खोकेना. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी कफ साचला. आदल्या दिवशी नाकातून नळी घालून तो ओढावा लागला, तेव्हापासून तिने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. ते बघून बाई बोलून गेल्या, "पुन्हा नळी येणार नाही हं. माझा शब्द."

शब्द दिला खरा, पण नळी घालायची की नाही हे ठरवणारे डॉक्टर. सकाळी ते म्हणाले, "चार वाजेपर्यंत स्वतः खोकली तर ठीक. नाहीतर नळी."

बाईंनी कंबर कसली. बाटली पुढे केली, पोरीने तीन सभ्य बुडबुडे काढले आणि नळी परत दिली. मग बाईंनी हातमोज्याचा कोंबडा करून आरवून दाखवला. पोरीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, तेवढ्यात आई कुजबुजली, "हळू, बाळा." हसू तिथेच विरलं.

बाई एकदम थांबल्या. आईबाप सकाळपासून कुजबुजतच होते.

"घरीही असंच बोलता?"

"सवयच झालीय," आई म्हणाली. "ही जोरात रडली किंवा हसली की ओठ निळे पडायचे. मग आम्ही घरात हसणंच बंद केलं. टीव्हीसुद्धा आवाज बंद करून."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

"अहो, तेव्हा जपलंत ते बरोबरच होतं. पण आता भोक बुजवलंय, वाट मोठी केलीय. पोटभर हसली की खोकला आपोआप येईल. घरात हसवणारं कुणी आहे का?"

बापाने मान खाली घातली. "माझी थोरली बहीण आहे. पण तिला आम्ही खाली पार्किंगजवळ बसवलंय. ती तोंड उघडते आणि लोक हसतात."

"कधीपासून बसवलंय?"

"आज सकाळी आठपासून. तशी सहा वर्षांपासूनच."

आत्या वर आली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. बुडबुडेबाईंनी पोरीला उशीला टेकवून बसवलं आणि टाक्यांवर धरायला छोटी उशी हातात दिली. "खोकला आला की ही घट्ट दाबायची."

आत्याने आधी भावाकडे पाहिलं. "बोलू ना रे? की जाऊ खाली?"

"बोल," तो म्हणाला.

"तुझा बाप शाळेच्या नाटकात झाड झाला होता. संवाद एकही नाही, नुसतं उभं राहायचं. तर हा उभ्या उभ्या झोपला. राजा म्हणतोय, काय ही वनातली शांतता, आणि मागे झाड घोरतंय."

"घोरत नव्हतो," बाप म्हणाला. "सर्दी झाली होती."

"सर्दी झालेलं झाड," आत्या म्हणाली, आणि दोन्ही हात पसरून, डोळे मिटून, घोरत घोरत हळूहळू कलायला लागली. "मग हे असं राजावर पडलं. राजा खाली, वर झाड, तरी घोरणं चालूच."

पोरीच्या नाकातून आधी फुसकन आवाज आला. मग खदखदून हसू. हसता हसता ठसका, ठसक्यामागून खोकला, एक, दोन, चांगला खोलवरचा. उशी तिने छातीशी घट्ट धरली होती. कफ सुटला तसा बाईंनी पेपर नॅपकिन पुढे केला.

"हळू," म्हणत आई धावली आणि सवयीने ओठांकडे बघायला वाकली. ओठ गुलाबी होते. ती वाकलेली तशीच राहिली.

"आई, सरक ना," पोर म्हणाली. "झाड दिसत नाही."

चार वाजता डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. बुडबुडेबाईंनी स्वतःचा श्वास कधी रोखला ते त्यांनाच कळलं नाही.

"हवा तळापर्यंत जातेय. नळी नको," डॉक्टर म्हणाले. "काय केलंत?"

बाईंनी व्यायामाचा कागद त्यांच्यापुढे धरला. बुडबुडे, चालणे, यांच्या खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: आत्या, दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी.