आबांचा आजार आणि नामदेवकाकांचा आजार

नव्वदच्या दशकातल्या एका फेब्रुवारीत, आमच्या गावी डाळजला अंगणात बसून आबांनी माझं लग्न पंधरा दिवसांत उरकायचं ठरवलं. मला कुणी विचारलंच नाही... मी तेव्हा बारामतीला डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

मुलगा वाईट नव्हता, घाई वाईट होती. आणि त्या घाईचं कारण आबांच्या छातीत होतं.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. कळप मोडला आणि आबा विशीतच एका साखर कारखान्यावर लागले... बॉयलरच्या वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉस गुंडाळायच्या कामाला.

पांढरं, तंतू तंतू सुटणारं, दिसायला थेट लोकर. बाकीचे त्या कामाला कंटाळायचे, पण आबा आणि त्यांचे जोडीदार नामदेवकाका जन्माचे लोकरवाले. घरी लोकर मोकळी करायचे तसं ते मांडीवर घेऊन बोटांनी पिंजायचे, म्हणजे पाइपावर एकसारखं बसतं. न जळणारी लोकर म्हणून घरी येऊन कौतुकानं सांगायचे. लोकरीनं कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं, मग हिच्याबद्दल शंका तरी कशी यावी?

तीस वर्षांनी नामदेवकाकांच्या छातीत पाणी झालं. पुण्याला तपासलं तर मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, त्याच तंतूंची धूळ छातीत जाऊन होणारा. तीन महिन्यांत काका गेले.

वर्षभरात आबांना धाप लागायला लागली. पाणी काढलं, तुकडा तपासायला दिला... आणि रिपोर्टात आजाराचं नाव तेच.

आबा धरूनच चालले, की आपल्यालाही तीनच महिने. "नामदेवला गुण आला न्हाय, मला काय येनार?" एवढं बोलून त्यांनी दवाखान्याचा विषय मिटवला आणि माझी सोयरीक बघायला निघाले.

त्यातच नामदेवकाकांच्या चंपाकाकू त्यांच्या उरलेल्या गोळ्या आणि फाइल घेऊन आल्या. आजार एकच आहे तर गोळ्याही चालतील, असं त्यांचं साधं म्हणणं. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. गोळ्या कपाटात वर टाकल्या आणि दोन्ही फाइली पुढ्यात घेऊन बसले.

इंग्रजी माझं बेताचंच... पण मेसोथेलिओमाच्या शेजारचा शब्द दोन्हीकडे वेगळा होता. अक्षर अक्षर लावून मी तीनदा पाहिलं.

मग काय, आबांनी फाइली घेऊन डॉक्टरांकडे यावं म्हणून दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी आबा पुण्याला यायला तयार झाले, तेही माझ्या समाधानापुरते.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि आम्हाला अगदी शांतपणे समजावलं. हा आजार बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाला होतो, कधी पोटाच्या आवरणालाही. पण पेशी कशा दिसतात त्यावरून त्याचे तीन प्रकार पडतात. मग त्यांनी एका जाडजूड पुस्तकातले फोटो दाखवले.

एका प्रकारात पेशी लांबट, सुतासारख्या. तो सार्कोमॅटॉइड, झपाट्यानं वाढणारा, नामदेवकाकांचा. दुसऱ्यात पेशी कणसातल्या दाण्यांसारख्या लगटून बसलेल्या. तो एपिथेलिऑइड, त्याची चाल बऱ्याचदा सावकाश असते आणि उपचारांना वाव मिळतो. तिसरा म्हणजे दोन्हींची सरमिसळ.

आबा फोटोंवर वाकले. सगळं लहानपण लोकर निवडण्यात गेलेलं, लांब तंतू कोणता आणि आखूड कोणता हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्यातली माझी कंची?"

डॉक्टरांनी दाण्यांच्या फोटोवर बोट ठेवलं. "पूर्ण बरे व्हाल असं मी म्हणणार नाही, आबा. पण नामदेवरावांच्या दिवसांवरून तुमचे दिवस मोजू नका."

परतीच्या एसटीत आबा भिगवण मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात...

डाळजला उतरल्यावर धोतर झटकत म्हणाले, "सुमे, पावण्यांना सांगून येतो. लगीन परीक्षा झाल्याव." चार पावलं पुढं गेले आणि वळले. "आन् डाक्टरनं परत कवा बोलावलंय?"

तिथंच रस्त्याच्या कडेला मी रडले. आनंदानं रडतात ते खोटं नसतं, हे त्या दिवशी कळलं.

आबांना पुढं जवळजवळ तीन वर्षं मिळाली. सोपी नव्हती... इंजेक्शनं, उलट्या, पुन्हा पुन्हा काढलेलं पाणी. पण माझा निकाल त्यांनी स्वतः वाचला, माझ्या लग्नात अक्षता टाकल्या आणि माझी शाळाही येऊन बघितली.

बरं वाटायचं त्या दिवशी कारखान्याच्या गेटवर जाऊन बसायचे. पाइपांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "हात लावू नगंस बाबा, ही लोकर न्हाय."

आज घरात कुणी म्हणालं, की अमक्याला झालं तेच मला झालंय, आता संपलं सगळं... तर मी आधी फाइल मागते. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर आबांचाच प्रश्न विचारते... ह्यातली माझी कंची?