पाच विभागांची एक सरासरी

आयुष्यात एकदाही ठामपणे न बोलता समोरच्या प्रत्येकाला गप्प करणारी एकच व्यक्ती मी पाहिली आहे, ती म्हणजे आमच्या ठाण्याच्या कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या मॅडम. त्यांचं स्वतःचं प्रत्येक विधान "बहुधा"ने सुरू व्हायचं आणि दुसऱ्याच्या प्रत्येक विधानावर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "किती जणांना विचारलंस?" हल्लीची मुलं काही वाचत नाहीत, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणायचा अवकाश, की मॅडम चष्म्यावरून बघणार. "कुठल्या मुलांना विचारलंस? वर्गात बसणाऱ्या की कँटीनमध्ये बसणाऱ्या?" मी मराठीचा प्राध्यापक. कुणालाही न विचारता विधानं करण्याची आमच्या विषयात मोठी परंपरा आहे. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं, चहा कसा झालाय हेसुद्धा मी त्यांच्यासमोर बोलत नसे.

त्या राहायला कल्याणला. एकदा त्यांच्याबरोबर तिथल्या बाजारात आंबे घ्यायला गेलो होतो. आंबेवाल्याने रिवाजाप्रमाणे वरच्या थरातला एक आंबा कापून फोड पुढे केली. मॅडमनी ती घेतलीच नाही. "वरचे तू रचलेत ना? मग ते मला नकोत," असं म्हणून त्यांनी चक्क डोळे मिटले, पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक, मधून एक, कडेचा एक असे आंबे वर काढायला लागल्या. "ताई, पेटी घ्यायचीय का नुसतं चेकिंग करायचंय?" आंबेवाल्याने विचारलं. "सध्या चेकिंग. पेटी बहुधा घेईन," मॅडम म्हणाल्या. पेटी घेतली नाही. डोंबिवलीच्या भाचीला स्थळ आलं तेव्हाही तेच. मुलगा फार शांत आहे, म्हणून सगळं घर हरखलेलं. मॅडमनी मुलाच्या आईला सरळ सांगितलं, की कांदेपोह्याच्या दिवशी सगळेच शांत असतात, आम्ही अधूनमधून न कळवता येऊ. बिचारा मुलगा दोनतीन महिने दाराची बेल वाजली की शर्ट बदलायचा. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय, आणि मॅडमना कुणी शाबासकी द्यायला गेलं तर म्हणतात, "एका लग्नावरून काही सिद्ध होत नाही."

अशा बाईंनी कॉलेजच्या समित्यांच्या नादी लागायला नको होतं. पण त्या लागल्या, आणि त्यामागे कारणही तसंच होतं. आमच्याकडे संख्याशास्त्र सगळेच शिकवत. अर्थशास्त्राचा त्याचा वेगळा पेपर, मानसशास्त्राचा वेगळा, वाणिज्यचा, भूगोलाचा, जीवशास्त्राचा वेगळा. प्रत्येकजण सरासरीपासून सुरुवात करायचा आणि सरासरीच्या जरा पुढे पोचेपर्यंत परीक्षा यायची. दोन विषय घेतलेल्या मुलांना एकाच आठवड्यात दोन वर्गांत सरासरी काढायला लागायची आणि पदवी हातात पडली तरी त्यापुढे काय असतं ते त्यांना कळायचं नाही. मॅडमचा स्वतःचा विभाग मात्र आटत आटत एका माणसावर आला होता, तो माणूस म्हणजे त्याच. कॉलेजात ज्या विभागाकडे तास, त्यालाच प्राध्यापकाची जागा मिळते. मॅडमकडे तास जेमतेम उरले होते आणि निवृत्ती जवळ आली होती. त्या गेल्या की विभागाला कुलूप लागणार, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी प्रस्ताव मांडला, की पाचही विभागांनी आपापला पेपर एकत्र आणावा, सगळ्यांचा मिळून संख्याशास्त्राचा एकच नीट अभ्यासक्रम करावा आणि तो संख्याशास्त्र विभागाने चालवावा. मुलांना विषय मिळेल, विभागालाही श्वास मिळेल.

आमचं कॉलेज स्वायत्त आहे. स्वायत्त म्हणजे आपले अभ्यासक्रम आपण ठरवायची मुभा, आणि मुभा म्हणजे समित्या. प्रस्ताव आधी अभ्यास मंडळात, तिथून विद्वत परिषदेत जायचा, आणि त्याआधी त्याच्यासाठी एक खास समिती नेमायची. सचिव म्हणून माझी वर्णी लागली. "तुझ्याच विभागाकडून हिसकावून घेण्यासारखं काही नाहीये," मॅडमनी खुलासा केला.

पहिल्या सभेत विरोध असा कुणीच केला नाही. आमच्याकडे विरोध करत नाहीत, पाठिंबा देऊनच काम होतं. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "मॅडम, माझा फुल सपोर्ट आहे. फक्त आमचा पेपर आमच्याकडे राहू दे." मानसशास्त्राच्या सरांचा त्याहून मोठा पाठिंबा होता. ते म्हणाले, "आमचं स्टॅट्स वेगळं पडतं ना पण. आमच्याकडे माणसं असतात." "आमच्याकडे काय कपाटं असतात का?" अर्थशास्त्राने विचारलं. भूगोलवाल्यांनी पावसाची सरासरी आणि माणसांची सरासरी एका फळ्यावर मांडणं बरं दिसेल का, अशी शंका काढली. प्राचार्यांना सगळ्यांचंच पटलं, त्यांना नेहमीच सगळ्यांचं पटतं, आणि पाच विभागांची सरासरी एकच आहे की वेगवेगळी आहे हे तपासायला एक उपसमिती नेमली गेली. तिने एक अख्खं सत्र घेतलं आणि अहवाल दिला, की सरासरी प्रथमदर्शनी एकच दिसते, तथापि अधिक अभ्यासाची गरज आहे. तो अहवाल मीच मराठीत उतरवला. "तथापि" हा शब्द मी दोनदा खोडून परत लिहिला होता.

पुढे तर सभेला गणसंख्याच भरेना. मॅडम डगमगल्या नाहीत. सभेला कोण केव्हा येतं याच्या त्यांनी शांतपणे नोंदी ठेवल्या आणि एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, बिस्किटं असली की गणसंख्या भरत नाही. कोपरीहून मिसळ मागवली की भरते." मी म्हटलं, म्हणजे मिसळीमुळे लोक येतात. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "मिसळीमुळे येतात असं मी म्हणाले का? मिसळ असते तेव्हा येतात, एवढंच म्हणाले." तेव्हापासून प्रत्येक सभेला मिसळ यायला लागली आणि लोकही यायला लागले. वाणिज्यच्या सरांनी तर दुसऱ्या वाटीनंतर अभ्यासक्रमाचं उद्दिष्ट स्तुत्य असल्याचं स्वतःहून सांगितलं. पेपर मात्र कुणी सोडेना. मॅडम प्रत्येकाच्या केबिनमध्ये जाऊन बसत, त्यांच्याच मुलांच्या उत्तरपत्रिका दाखवत, पोरं कुठे अडतात ते समजावत. लोक मान डोलावत. सगळ्यांना ते मनापासून पटायचं आणि मॅडम केबिनबाहेर पडल्या की सगळ्यांना आपापल्या विभागातली जागा आठवायची. त्यांनाही दोष कसा द्यायचा? तास गेले तर उद्या त्यांच्याकडच्या एखाद्या तरुण मास्तराची नोकरी जाणार होती.

मॅडमच्या निवृत्तीआधीची शेवटची सभा आली. त्या दिवशी प्राचार्यांनी अचानक तोडगा काढला. अभ्यासक्रम एकच असेल, पण शिकवायचे तास पाच विभागांनी वाटून घ्यायचे, म्हणजे कुणाचं काहीच जाणार नाही. "नाहीतर मॅडम, पुढच्या वर्षी घेऊ आपण. घाई काय आहे?" पुढच्या वर्षी मॅडम नसणार होत्या, हे प्राचार्यांच्या लक्षात नव्हतं, की होतं, मला माहीत नाही. मॅडम उठल्या आणि त्यांनी खडू उचलला. फळ्यावर पाच विभागांची नावं लिहिली. कोणता भाग कुणाला जमेल, कोण कशात कच्चं आहे, कुणाकडे नवीन चांगला मास्तर आलाय, हे त्यांना प्रत्येकापेक्षा जास्त माहीत होतं. तास नेमके वाटले. बेरीज जुळली. फळ्यावर संख्याशास्त्र विभागाचं नावच नव्हतं.

"मॅडम, तुमचा विभाग?" मी विचारलं. मला राहवेनाच.

"बेरीज पूर्ण झाली ना? मग लिही, सर्वानुमते मंजूर," त्या म्हणाल्या आणि खडूचे हात झटकून खाली बसल्या. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या टाळ्यांचा राग आला होता, अजूनही येतो.

त्या निवृत्त झाल्या. विभागाची खोली परीक्षेच्या सामानाला दिली. अभ्यासक्रम मात्र सुरू झाला, आणि सांगायला जरा जड जातं, पण चांगला चाललाय. मुलं सरासरीच्या कितीतरी पुढे गेली आहेत. मी हे सगळं मॅडमना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्याशी थोडं अडखळत बोलल्या. "मला एकदा येऊन बघता येईल का रे? शिकवायला नको. नुसती बसेन." मी हो म्हटलं आणि सभेत विषय ठेवला. पाहुण्यांना कुठल्यातरी विभागाने बोलवावं लागतं. पाचही विभागांना आनंदच होता. फक्त निमंत्रण दुसऱ्या कुणी तरी द्यावं, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि त्यांचा स्वतःचा विभाग आता नव्हता.

शेवटी एका मंगळवारी मी कुणालाही न विचारता त्यांना मागच्या दाराने त्या अभ्यासक्रमाच्या तासाला नेलं. मानसशास्त्राचे सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. वर्ग भरलेला होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने बॅग सरकवून जागा दिली आणि हळूच विचारलं, "आंटी, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटच्या?"

"कुठल्याच नाही गं," मॅडम म्हणाल्या. "तू फळ्याकडे बघ, महत्त्वाचं चाललंय."